गाळ्यातली डॉक्टरमॅडम

सहा वर्षांपूर्वी मी तरुण होते. बासष्टची. गुडघे चालत होते, दात बरेचसे माझेच होते आणि डोक्यात हवा भरायला भरपूर जागा होती. आता अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे बघितलं की आधी हसू येतं. मग हसू जातं. लिहायचं आहे ते हसू जातं त्या भागाबद्दलच, पण माझा स्वभाव असा की सुरुवात हसण्यापासूनच होणार. तेवढं चालवून घ्या.

मी नर्स. अंधेरीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये छत्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावरही सोसायटीत कोणाला इंजेक्शन द्यायचंय, कोणाचं ब्लडप्रेशर बघायचंय, की वाजली माझी बेल. सगळे सिस्टर म्हणत. दारावर मासळी घेऊन येणारी वेसाव्याची कोळीण ‘शिस्टर’ म्हणायची आणि तिच्या तोंडी ते नात्यासारखं वाटायचं. पण त्या बासष्टच्या बाईला नातं नको होतं, हुद्दा हवा होता. छत्तीस वर्षं ती डॉक्टरांच्या मागून ट्रे घेऊन चालली होती. नवे पोरगेले डॉक्टर यायचे, त्यांना शीर सापडायची नाही, ही शोधून द्यायची, आणि पेशंटचे नातेवाईक हात जोडायचे ते डॉक्टरांना. हे सगळं तिने बरणीत लोणचं घालावं तसं घालून ठेवलं होतं. चांगलं मुरलं होतं ते.

आमच्या गल्लीत एक जिम होती. तिचा मालक चाळिशीचा, मान डोक्यापेक्षा रुंद, बोलायला मात्र लोणी. त्याच्या आईला इन्शुलिन द्यायला मी जायचे. एकदा त्याने चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, रविवारी दुपारी मोकळ्या असता का. त्याच्याकडे फाईट होत होत्या. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं मिळून. जिंकेल त्याला पैसे, हरेल त्यालाही थोडेफार. स्पोर्ट्सच आहे म्हणाला, फक्त परवानगीच्या मागे कोण लागणार, त्यात वर्षं जातात. बघायला येणाऱ्यांना धीर वाटावा म्हणून बाजूला मेडिकलचं कोणीतरी बसलेलं दिसायला हवं, एवढंच.

“करायचं काही नाही, फक्त पांढरा कोट घालून बसायचं,” तो म्हणाला. “आणि तुम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, ते काय मला माहीत नाही?”

हे शेवटचं वाक्य त्याने नेमकं टाकलं. मी स्टेशनजवळच्या युनिफॉर्मच्या दुकानातून कोट आणला. घरी आरशासमोर घालून बघितला, खिशाला पेन आणि टॉर्च लावून बघितली, मग कोट काढून पुन्हा घातला. सुनेला सांगितलं, दर दुसऱ्या रविवारी मोफत आरोग्य शिबिर आहे. ती म्हणाली, आई, या वयात लोकांसाठी किती करता. मी मान खाली घालून नम्र हसले. तसं हसायलाही जमत होतं मला.

अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो गाळा. आठवडाभर तिथे बादल्यांची झाकणं बनायची. रविवारी मशीनवर ताडपत्री टाकायचे आणि मधल्या जागेत फोमच्या मॅट जोडायचे, बालवाडीत असतात तशा, निळ्या-लाल, एकमेकांत अडकणाऱ्या. खाली सरळ काँक्रीट. पत्ता सगळ्यांना ठाऊक असूनही तो त्याच दिवशी सकाळी मोबाईलवर यायचा. त्यात एक मजा होती म्हणे. शे-दीडशे माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. लढणाऱ्यांचं वजन पार्सल तोलायच्या काट्यावर व्हायचं आणि दोघांत आठ-दहा किलोचा फरक निघाला, तर जिमवाला म्हणायचा, हलका आहे तो चपळ असतो. अॅम्ब्युलन्स कुठे आहे, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बाहेर रिक्षा उभी आहे, असं उत्तर मिळालं आणि मला ते पटलं. पटवून घ्यायचंच असलं की काय पटत नाही?

माझ्यासाठी टेबल, खुर्ची, थंड पाण्याची बाटली. माईकवरचा माणूस मोठ्याने सांगायचा की आपल्यासोबत डॉक्टरमॅडम आहेत, आणि लोक टाळ्या वाजवायचे. मला. मी उठून हात जोडायचे, जरा उशिरा उठायचे, डॉक्टर लोक उठतात तशी.

प्रत्येक फाईटच्या आधी एक कागद यायचा. त्यावर लढणाऱ्याचं वय, वजन, आणि खाली दोन चौकोन: फिट, अनफिट. मी टॉर्च मारायचे, नाडी बघायचे, फिटवर खूण करायचे आणि सही. माझी स्वतःची सही शाळेतल्या बाईसारखी, अक्षर न् अक्षर लागतं. पण डॉक्टरांसारखी सही मला येत होती. छत्तीस वर्षं तीच तर वाचत आले होते. तशी करायची मी. कोणाला वाचता येऊ नये अशी. तेव्हा मला ते रुबाबदार वाटायचं. ती सही कशासाठी तशी केली जाते, हे मला नंतर कळलं.

एकदाच मी आवाज चढवला होता. सगळ्यांचं रक्त आणि घाम एकाच टॉवेलने पुसत होते आणि तो टॉवेल एकाच बादलीत पिळत होते. कोणाची रक्ततपासणी नाही, कोणाला कावीळ आहे का, आणखी काही आहे का, कोणाला पत्ता नाही. मी म्हटलं, टॉवेल वेगळे ठेवा. पुढच्या वेळी जिमवाल्याने डझनभर टॉवेल आणले. तेवढ्यावर मी स्वतःला समाजसेविका समजायला लागले.

तिसऱ्या रविवारी टेबलापुढे कागद घेऊन जी मुलगी उभी राहिली, तिला बघून माझी टॉर्च खाली पडली. आमच्या कोळणीची मुलगी. तेवीस वर्षांची. लहान होती तेव्हा आईच्या पाटीमागून माझ्या दारात यायची, खारी-बिस्किट खायची, माझ्या मुलाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून न्यायची. कॉलेजात कबड्डी खेळली, मग ज्युडो शिकली. पोलीस भरतीत उंची एका सेंटिमीटरने कमी पडली. दुसऱ्या वर्षी वाढेल म्हणून पुन्हा गेली, वेडी. आई सगळ्या बिल्डिंगला सांगत होती की पोरगी आता जिममध्ये बायकांना व्यायाम शिकवते.

“मावशी, तुम्ही डॉक्टर कधी झालात?” तिने विचारलं.

“आणि तू इथे बायकांना व्यायाम शिकवतेस का?” मी म्हटलं.

दोघी हसलो. तिने हळूच सांगितलं, आईला कळता कामा नये, ती पाटी माझ्या डोक्यात घालेल. मी म्हटलं, माझ्या सुनेलाही कळता कामा नये. असा आमचा सौदा झाला. तिचं कोचिंग आणि माझं शिबिर. मला त्या गुपितात काय गोडी वाटली सांगू. सकाळी आई दारात पाटी उतरवून लेकीचं कौतुक सांगायची आणि मी गालातल्या गालात हसत बोंबलांचे वाटे बघायचे. त्या आईने मला तीस वर्षं मासळी दिली होती. सासूच्या शेवटच्या आजारात, मी ड्युटीवर असताना, माझ्या घरी येऊन सासूजवळ बसली होती. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

पोरगी छान लढायची, हे खरं. समोरची हात उचलते न उचलते तोच ही तिच्या कमरेखालून शिरायची. चार फाईट जिंकली. लोक तिला नावाने ओरडायचे. मीही टाळ्या वाजवायचे, कोटातल्या डॉक्टरला शोभणार नाही इतक्या.

पाचव्या फाईटला समोर तिच्यापेक्षा नऊ किलोने जड बाई होती. पहिल्याच मिनिटाला त्या बाईने हिला उचलून टाकलं. मॅटचे दोन तुकडे सरकून मध्ये चार बोटांची फट पडली होती, काँक्रीट दिसत होतं. डोक्याची मागची बाजू बरोबर त्या फटीत आपटली. नारळ आपटल्यासारखा आवाज आला. मी तो आवाज ऐकला, माझ्या खुर्चीपासून सहा-सात फुटांवर. ती काही सेकंद हललीच नाही. मग उठून बसली. माईकवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी गेले, टॉर्च मारली, बोटं किती विचारलं, वार कुठला विचारलं. तिने बरोबर सांगितलं. मी अंगठा वर केला.

अंगठा. छत्तीस वर्षांत कधी पेशंटपुढे मी असला चाळा केला नव्हता.

ती फाईट तिने जिंकली. त्या बाईचा हात मुरगाळून धरला आणि बाईने हार मानून मॅटवर थापटी मारली. गाळा दणाणला. अर्ध्या तासाने मी पाणी प्यायला मागे गेले, तर ती पिंपाआड वाकून ओकत होती. मला बघून म्हणाली, रिकाम्या पोटी ग्लुकोज प्यायले मावशी, पित्त झालंय.

आता नर्सचं एक सांगते. पोर पलंगावरून पडलं म्हणून धावत आलेल्या शेकडो आयांना मी दारातच पहिला प्रश्न विचारला आहे: उलटी झाली का? झाली म्हटलं की डॉक्टरांची वाट न बघता मी कागद हातात द्यायचे, आधी डोक्याचा स्कॅन करा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे सांगितलं असतं. आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर ती ओकत होती आणि मी म्हटलं, लिंबू-पाणी घे, उपाशी येत जाऊ नकोस. स्कॅन कर म्हटलं असतं तर तिथे कोणी विचारलं असतं, कुठे लागलं, कसं लागलं. मग गाळा, मग कोट, मग ती न वाचता येणारी सही. हे सगळं मी तेव्हा मनात शब्दांत मांडलं नाही. पण लिंबू-पाणी काही मला उगाच सुचलं नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी बेल वाजली. आईच्या भाचीकडे हळदीचा कार्यक्रम होता म्हणून पाटी घेऊन लेक आली होती. अधूनमधून यायची ती. ती आली की मी कंबर कसून बसायचे, कारण भावात आई परवडली, लेक नाही. आई निदान तीस वर्षांची ओळख धरायची. ही म्हणायची, मावशी, या पापलेटाकडे बघा आणि तुमच्या भावाकडे बघा, कोण जास्त मेलेलं आहे ते सांगा. मग मी चिडायचे, दार लावायचे, ती जिन्यावर तशीच बसून राहायची, मी पुन्हा उघडायचे. हे सगळं झाल्याशिवाय आमच्याकडे मासळी शिजत नसे.

त्या दिवशी मी नेहमीसारखा तोंडाला येईल तो भाव सांगितला. निम्म्याहूनही खाली. थट्टाच होती ती. तिने मान हलवली आणि पापलेटं माझ्या ताटात ठेवली. दोनच्या जागी तीन. बस्स. पाटी झाकली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, कपाळाला तळहात लावून. मला म्हणाली, मावशी, तो पॅसेजमधला दिवा बंद करा ना, डोळ्यांत जातोय. मी बंद केला.

आणि मी काय केलं? मी जिंकले म्हणून नाचले. सुनेला ताट दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना फोन करून सांगितलं की वेसाव्याच्या पोरीला आज मी भावात चीत केलं. दुपारी पापलेटं तळली, दोन मी खाल्ली. तीस वर्षांत ज्या घरातलं कोणी पहिल्या भावाला हो म्हटलं नाही, त्या घरातली मुलगी गप्प मान हलवते, उजेड सोसत नाही म्हणते, मोजायला चुकते. अहो, वॉर्डमधली शिकाऊ नर्ससुद्धा थबकली असती. मला मात्र स्वस्तात पापलेट मिळालं होतं.

पुढचा फाईटचा रविवार आला. त्या पाचव्या फाईटनंतर चौदा दिवस. ती टेबलापुढे आली. मी विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, एकदम झकास. डोकं दुखतं का, हे विचारताना मी तिच्याकडे बघितलं नाही, कागदाकडे बघितलं, हे मला पक्कं आठवतं. ती म्हणाली, छे. तिच्या मागे अजून चौघे रांगेत उभे होते, माईकवाला घाई करत होता, जिमवाल्याने त्या दिवशी तिच्याच फाईटसाठी माणसं बोलावली होती. मी फिटवर खूण केली. सही केली.

दुसऱ्या राउंडमध्ये एक ठोसा कानाच्या वर लागला. मोठा नव्हता. तिथे जमलेल्यांपैकी कोणी ‘ओह’सुद्धा म्हटलं नाही. ती एक पाऊल मागे गेली, मग खाली बसली, बसमध्ये रिकामी सीट मिळाल्यावर बसावं तशी शांतपणे. मी जवळ गेले. ती मला काहीतरी सांगत होती, पण शब्द एकमेकांत चिकटून येत होते. मग डोळे फिरले. टॉर्च मारली, तर एक बाहुली मोठी, एक लहान. ते बघितल्यावर मात्र छत्तीस वर्षं एकदम अंगात आली. मी ओरडले, आधी रिक्षा आणा.

रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, जबडा धरून, श्वास मोजत. पुढे ड्रायव्हरशेजारी जिमवाल्याचा माणूस. त्याने वळून एवढंच सांगितलं की जिन्यावरून पडली म्हणायचं, नाहीतर पोलीस केस होईल आणि पोरीचंच नाव खराब होईल. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सरकारी हॉस्पिटलच्या फाटकापाशी सिग्नल लागला. तेवढ्या वेळात मी एका हाताने तिचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताने अंगातला पांढरा कोट काढून, चुरगळून पिशवीत कोंबला. आत खरे डॉक्टर असणार होते ना.

या सगळ्यात ज्या गोष्टीने माझी मान सर्वांत खाली जाते, ती ही. सही नाही, पापलेटं नाहीत. पोरगी मांडीवर घरघरत होती आणि माझा एक हात कोटाची बटणं काढत होता.

कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, काय झालं. जिमवाल्याचा माणूस म्हणाला, जिन्यावरून पडली. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने विचारलं, आधी कधी डोक्याला लागलं होतं? उलट्या, डोकेदुखी? मी म्हटलं, माहीत नाही, मी शेजारची. मुलीला आत नेलं. मी बाकावर बसले. जिमवाल्याचा माणूस चहा आणतो म्हणून गेला तो गेलाच.

अर्ध्या-पाऊण तासाने आई आली. बाजारातून तशीच उठून आली होती, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. मला बघून तिला हुंदका फुटला, आधार सापडल्यावर फुटतो तसा. माझा हात धरून बसली. म्हणाली, शिस्टर, बरं झालं तू हायस, मना यांचं बोलनं कलत नाय, तूच बघ सगळं. कुठल्या जिन्यावरून पडली, हे तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तिच्या हातावर थोपटलं.

मग ती डॉक्टर मुलगी स्कॅनच्या फिल्म घेऊन बाहेर आली. तिने आईला विचारलं, आधी कधी लागलं होतं? आई म्हणाली, नाय. डॉक्टर म्हणाली, नीट आठवा, आत दोन वेळचं रक्त आहे, एक आजचं आणि एक आठ-पंधरा दिवसांपूर्वीचं. पाठीवर, दंडावर जुने काळेनिळे डागही आहेत. आईला काही समजेना. डॉक्टरचा आवाज बदलला. तिने विचारलं, घरी कोण मारतं हिला? वडील? भाऊ? लग्न झालंय का?

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती एक पोर, आणि ती बाई भर कॉरिडॉरमध्ये उभी. येणारेजाणारे वळून बघत होते. “माज्या घरात कोन नाय मारत,” ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी जरा हळू. डॉक्टर म्हणाली, तुम्ही लपवलंत तर नुकसान तिचं आहे, आम्हाला आत्ता डोकं उघडायचंय. आई माझ्याकडे वळली, की मी सांगावं, हे घर तसं नाही.

तेव्हा मी तोंड उघडलं. अर्धा-पाऊण तास उशिरा.

“मी सांगते. चौदा दिवसांपूर्वी काँक्रीटवर डोकं आपटलं. काही सेकंद शुद्ध नव्हती. अर्ध्या तासाने उलटी. चार दिवसांनी उजेड सोसत नव्हता. आज डाव्या कानाच्या वर ठोसा.”

“तुम्ही मघाशी माहीत नाही म्हणालात,” डॉक्टर म्हणाली.

“खोटं बोलले.”

“तुम्ही कोण?”

“नर्स,” मी म्हटलं. “तिथली डॉक्टर म्हणून बसत होते.”

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहिणार नाही. वेळ नव्हता तिला. तिने फिल्म काखेत मारली आणि आत धावली. आई तिथेच उभी. तिला सगळं कळायला वेळ लागला. मग तिने विचारलं, कुठे आपटलं, कोणी ठोसा मारला, कशाला. मी सांगत गेले. गाळा, मॅट, टेबल, कागद. ती ऐकत गेली. शेवटी तिने एकच विचारलं.

“उलटी केली तवा तू तिचा हात धरून तिला घरी का नाय आनलीस?”

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. ऑपरेशन होईपर्यंत आम्ही तशाच बसलो, दोन टोकांना, मध्ये तीन माणसांची जागा रिकामी.

पोरगी वाचली. जुन्या रक्ताचं कळल्यामुळे नेमकं कुठे उघडायचं ते बदललं, असं डॉक्टर मुलीने नंतर सांगितलं. त्यात माझं कौतुक नव्हतं, अर्धा तास आधी सांगितलं असतं तर, हे वाक्य तिने अर्धवट सोडलं होतं. उजवा हात अजून पूर्ण मुठीत येत नाही. शब्द येतात, पण रांग लावून, एकेक करून. फिट येऊ नये म्हणून गोळ्या रोज, बहुतेक जन्मभर. पोलीस भरतीचं सोडाच, तिला विळीवर बसू देत नाहीत.

मी पोलिसांत जबाब दिला. सुनेसमोरही दिला, तो जास्त अवघड होता. जिमवाला काही महिने दिसेनासा झाला. त्याची फाईट आता दहिसरला नाक्याच्या पुढे कुठेतरी चालते, असं ऐकते. तेही मी कळवलं आहे. केस चालू आहे, तारखा पडतात, मी जाते. माझं जे व्हायचं ते होईल.

चार महिने आईने आमच्या बिल्डिंगची पायरी चढली नाही. मग मीच वेसाव्याला गेले. हाताचा व्यायाम मला शिकवता येतो, एवढंच म्हणाले. तिने दार उघडं ठेवलं, ये म्हणाली नाही. तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार जाते. ओल्या वाळूची मूठ आवळायची, सोडायची, चिमटे दोरीला लावायचे, काढायचे. आई बाहेर ओट्यावर कोळंबी सोलत असते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

मागच्या शुक्रवारी पोरीने चिमटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला बोलायचं असलं की आता थांबावं लागतं, मी थांबले.

“मावशी. मीच... खोटं बोलले. डोकं दुखत... होतं. फार. तुम्हाला... नाही म्हटलं. तुमची... चूक नाही.”

आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. क्षणभरच, पण छातीवरचं काहीतरी उतरलं. किती सोपं होतं. पेशंटने लपवलं, मी काय करणार? छत्तीस वर्षं किती डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकलं होतं. अडुसष्ट वर्षांची झाले तरी ती बासष्टची बया अजून आत बसलेलीच, कोणी सुटकेची चिठ्ठी आणून देतंय का याची वाट बघत. आणि ती चिठ्ठी द्यायला उठली कोण, तर हीच पोर, ज्या हाताची मूठ आवळत नाही त्या हाताने.

ओट्यावरून आईचा आवाज आला. ती बघत नव्हती, कोळंबीचं डोकं मोडत होती.

“ती खोटं बोलली, ते तुला कलत नव्हतं काय शिस्टर?”

पोरगी माझ्याकडे बघत होती. मी ‘नव्हतं कळलं’ म्हणावं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. माझ्यासाठी तेवढं करायची तिची तयारी होती.

“कळत होतं,” मी म्हटलं.

आईने मान हलवली. पुढची कोळंबी घेतली. मी खाली ठेवलेला चिमटा उचलून पोरीच्या हातात दिला.